डबा न पुरता भरणारी जत्रा

जीपीएसच्या आधाराने लपवलेले डबे शोधायचे आणि आतल्या वहीत नाव लिहायचे, एवढाच जिओकॅशिंगचा खेळ. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २०००च्या सुरुवातीला काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ पहिली बादली अर्धवट पुरली. तिच्यात डबाबंद घेवडाही होता, म्हणजे शिधा आधी, बक्षीस नंतर!

हा खेळ खेळणाऱ्यांचे मेळावेही भरतात, पण मेळाव्यात डबा नसतो. हजेरी हाच शोध, आणि तो तुमच्या खात्यात मोजला जातो. पाचशे माणसे जमली तर ‘मेगा’, पाच हजार जमली तर ‘गिगा’. पहिला गिगा ऑगस्ट २०१४मध्ये म्युनिकला भरला. अमेरिकेतला जिओवुडस्टॉक त्याहून जुना: २००३मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला सुरू झाला आणि तेव्हापासून गावोगाव फिरतो आहे.

परदेशात अशा मेळाव्याला जाणार असाल, तर परिसरातल्या डब्यांची माहिती आधीच फोनवर उतरवून घ्या. रानात रेंज मिळेलच असे नाही. पेन स्वतःचे न्या. लोक खऱ्या नावाने नव्हे, खेळातल्या टोपणनावाने ओळख करून देतात, तेव्हा आपलेही जरा उच्चारता येईल असे ठेवा. क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला, म्हणजे ‘ट्रॅव्हल बग’, हाती आला तर तो आठवण म्हणून कपाटात ठेवायचा नसतो. नोंद करायची आणि पुढच्या डब्यात सोडायचा, मग तो डबा सह्याद्रीतला का असेना.