भूमीत दडलेले बीज : गाजरगवत आणि आपल्या वनौषधी वाटिका

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वराध्यायात विषमज्वराचे पुनःपुन्हा उद्भवणे समजावताना, धातूंत दडून राहिलेल्या दोषाची तुलना जमिनीत काळाची वाट पाहणाऱ्या बियाशी केली आहे. विद्यार्थिदशेत पाठ केलेला हा दृष्टान्त मला पुरता उमगला तो आमच्या तालुक्यातील वैद्यमंडळींनी लावलेल्या वनौषधी वाटिकेत.

दहा गुंठ्यांच्या त्या जागेवर गाजरगवत कंबरेपर्यंत माजले होते. दिवाळीनंतर मजूर लावून आम्ही ते उपटले, ढीग करून जाळले आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टरने खोल नांगरट केली. मृगाच्या सरींनंतर भृंगराज, भुईआवळा, पुनर्नवा यांचे अंकुर पाहण्यास उत्सुकतेने गेलो, तो वाफ्यावाफ्यांत गाजरगवताचीच रोपे दाटलेली! लक्षण नाहीसे झाले म्हणजे व्याधी गेला, असे मानण्याची चूक आम्ही वैद्यांनीच केली होती.

मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील ही वनस्पती भारतात प्रथम लक्षात आली ती १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यात. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ती आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ती फुलते आणि एक जोमदार झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकते. एक-दोन मिलिमीटरची ही बी पाण्याबरोबर, चाकांच्या चिखलातून, शेणखतातून सर्वत्र पोहोचते. पृष्ठभागावरील बी ओल मिळताच रुजते किंवा लवकर मरते. मात्र मातीखाली गाडली गेलेली बी टिकते. पुरलेल्या बियांच्या प्रयोगांत दोन वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक बिया जिवंत आढळल्या आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ या साठ्याला ‘सॉइल सीड बँक’ म्हणतात. आपण त्यास मृत्तिकेतील बीजसंचय म्हणू. पाच सेंटिमीटरहून खोल गेलेली बी सहसा वर येत नाही, ती पडून राहते. आमच्या नांगराने नवी बी खाली गाडली आणि जुनी उजेडात आणली. संचयाची चिकित्सा करण्याऐवजी आम्ही प्रकोपाला निमंत्रण दिले.

याच मातीत आपल्या औषधींचेही बीज असते, ही बाब मला अधिक गंभीर वाटते. गाजरगवताच्या दाट सावलीत आणि त्याच्या मुळा-पानांतून झिरपणाऱ्या द्रव्यांमुळे लहान रोपे खुरटतात, फुलण्याआधीच मरतात. मग त्या वर्षी मातीत त्यांच्या बियांची भर पडत नाही, पूर्वीचा साठा मात्र झिजत जातो. बांधावरून भृंगराज आणणाऱ्याला तो दरवर्षी थोडा अधिक दूर जाऊन शोधावा लागतो, त्याचे एक कारण येथे असावे.

मेक्सिकोतून आणून १९८४ पासून बंगळुरूजवळ सोडलेला झायगोग्रामा भुंगेरा पावसाळ्यात पाने फस्त करतो, हे खरे. परंतु तो पाने खातो. मातीतल्या बियांना त्याचा काहीच उपद्रव नाही. हाताने उपटणे हाच मार्ग उरतो आणि तेथे रुग्णाचा प्रश्न येतो. पापण्या, मान, कोपराची खोबण येथे कंडू, स्राव व काळसरपणा घेऊन येणाऱ्या शेतमजूर स्त्रिया आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. विचर्चिका म्हणून लेप-काढे देण्यापूर्वी ‘बाई, खुरपायला कुठे जाता?’ हा प्रश्न विचारावा. निदानपरिवर्जनावाचून त्यांना उपशय मिळत नाही. फुलोऱ्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून उपटले तर त्वचेला कमी इजा होते आणि बियांची नवी भरही थांबते.

दुसऱ्या वर्षी आम्ही नांगर बंद केला. एका बाजूच्या पट्ट्यात टाकळ्याचे, म्हणजे आपल्या चक्रमर्दाचे बी पावसाआधी दाट फेकले. कठीण कवचामुळे त्याचेही बी मातीत साठून राहते आणि पहिल्या पावसात उगवून ते जमीन झाकते. दद्रूवर आपण जे बी वाटून लावतो, तेच येथे कामी आले. आज तिसऱ्या पावसाळ्यात त्या पट्ट्यात गाजरगवत तुरळक आहे. उरलेल्या जागेत मात्र दर पंधरवड्याला दोघा-तिघांना फेरी मारावी लागते. मागच्या महिन्यात एक फेरी चुकली, आणि कुंपणालगत सात झाडे फुललेली सापडली.