थंड समुद्रांतील कोरडा पोषाख

गेल्या श्रावणांत आमच्या वहिनींचा फोन आला. त्यांचे दोघे चिरंजीव सध्यां स्कॉटलंडांत आहेत. थोरला अ‍ॅबर्डीन येथें नोकरीस, धाकटा तेथेंच शिकावयास. दोघांनाही पाठीवर हवेची टांकी बांधून समुद्राच्या तळाशीं जाण्याचा नाद लागला आहे. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पाण्यांत घालावयाच्या एका पोषाखाला हजार पौंडांहून अधिक पडतात म्हणे ! मीं मुलांना सांगितलें, दोघांत एकच घ्या. थोरल्याच्या मापाचा घ्या, म्हणजे धाकट्यालाही होईल. आळीपाळीनें वापरा. बरोबर सांगितलें ना ?"

वहिनींचें म्हणणें आपल्या घरांतील रीतीस धरूनच होतें. थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर चढावा व 'वाढत्या अंगाचा शीव' असें शिंप्यास बजावावें, यांत आपणांस कांहींच वावगें वाटत नाहीं. काटकसर ही आपल्या घरांची लक्ष्मी आहे. तरीही मीं त्यांस 'नाहीं' म्हणून सांगितलें. तें कां, हें फोनवर नीट उलगडून सांगतां आलें नाहीं. शिवाय आज पुष्कळ घरांतील मुलें-मुली थंड देशांत आहेत व त्यांनाही हा नाद लागण्यासारखा आहे. म्हणून हें सविस्तर लिहीत आहें.

मालवणाजवळ तारकर्लीस बुडी घेणाऱ्यास हा पोषाख लागत नाहीं. तेथील पाणी उबदार. पातळ रबरी अंगरखा पुरतो. परंतु आमच्या मुलांना जावयाचें आहे स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी बेटांतील स्कापा फ्लो या विस्तीर्ण बंदरांत. पहिल्या महायुद्धानंतर अडकवून ठेवलेलें जर्मन आरमार तेथें नांगरलेलें होतें. २१ जून १९१९ रोजीं अ‍ॅडमिरल फोन रॉयटर याच्या आज्ञेवरून जर्मन खलाशांनीं आपल्याच हातांनीं तीं जहाजें बुडविलीं. चौऱ्याहत्तरांपैकीं बावन्न तळाशीं गेलीं. पुढें बहुतेक वर काढून मोडींत विकलीं. तीन मोठ्या युद्धनौका व चार हलक्या क्रूझर मात्र अजून तेथेंच पडून आहेत. त्या पाहण्यास कांहीं ठिकाणीं चाळीस मीटरांहून अधिक खालीं जावें लागतें आणि भर उन्हाळ्यांतही पाण्याचें उष्णतामान तेरा-चौदा अंशांपुढें सहसा जात नाहीं. हिवाळ्यांत तें सहा-सातावर येतें.

तेरा अंश म्हणजे महाबळेश्वरची पहाट, त्यांत काय एवढें, असें कोणी म्हणेल. पण हवा आणि पाणी यांत मोठा भेद आहे. अंगांतील ऊब पाणी हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट लवकर ओढून घेतें. पाऊण तास अशा पाण्यांत राहिलेल्या मनुष्याचीं बोटें प्रथम जड होतात, मग विचार जड होतो. आणि विचार जड झालेला मनुष्य चाळीस मीटर पाण्याखालीं असणें ही गोष्ट बरी नव्हे.

थंडीपासून रक्षण करणारे पोषाख दोन जातींचे. वेटसूट हा निओप्रीन नांवाच्या फेसाळ रबराचा असतो. त्यांत थोडें पाणी शिरतें व अंगाच्या उबेनें कोमट होतें. पण त्याची खरी ऊब त्या रबरांतील बारीक बुडबुड्यांत असते. दहा मीटर खालीं गेल्यावर दाब दुप्पट होतो, तीस मीटरांवर चौपट. त्या दाबानें बुडबुडे चेपतात, पोषाख पातळ होतो, आणि जेथें ऊब सर्वांत अधिक हवी तेथेंच ती कमी पडते. ड्रायसूट म्हणजे कोरडा पोषाख पाणी आंत शिरूंच देत नाहीं. तो मानेपासून पायांच्या बोटांपर्यंत अखंड असतो, मनगटांवर व गळ्यावर घट्ट सील असतात, आणि आंत हवा राहते. छातीवरील झडप दाबून टांकींतील हवा थोडी थोडी आंत सोडावयाची, व वर येतांना दंडावरील झडपेंतून ती बाहेर जाऊं द्यावयाची. बाहेरचा पोषाख केवळ पाणी अडवितो. ऊब देण्याचें काम आंत घातलेल्या कपड्यांचें व त्यांत अडकलेल्या हवेचें.

आतां वहिनींच्या प्रश्नाकडे वळतों. नोकरीनिमित्त मीं स्कॉटलंडांत बारा वर्षें काढलीं. माझा पहिला कोरडा पोषाख जुनाच घेतलेला होता. दुकानदार म्हणाला, "थोडा सैल आहे, पण हिवाळ्यांत आंत दोन कपडे जास्त घालतां येतील." मला तें पटलें, आपल्या मनाला असें बोलणें फार लवकर पटतें. एका सरोवरांत आठेक मीटरांवर मी तळाकडे डोकें करून कांहीं पाहत होतों. सैल पोषाखांत हवेला हिंडावयास भरपूर जागा होती. ती सगळी पायांकडे धांवली. पाय वर झाले, बुटांत हवा भरून ते पायांतून निसटूं लागले, आणि मी उलटा, फुग्यासारखा वर निघालों. हवा सोडण्याची झडप दंडावर. हवा मात्र पायांत. झडप हवेच्या वर असेल तरच हवा तिच्यांतून बाहेर जाते. मी तर उलटा होतों ! मित्रानें कमरेचा पट्टा धरून मला सरळ केलें म्हणून निभावलें. असें एकाएकीं वर येतांना श्वास कोंडून धरला तर फुप्फुसें फाटतात. आणि खोलवर पुष्कळ वेळ राहिलेल्या मनुष्याच्या रक्तांत नायट्रोजनचे बुडबुडे होऊन तो जन्माचा पंगु होऊं शकतो. मी आठ मीटरांवर होतों. स्कापा फ्लोच्या तळाशीं हेंच झालें असतें तर हा लेख लिहिण्यास मी उरलों असतों कीं नाहीं, कोण जाणे.

म्हणून थोरल्याचा पोषाख धाकट्याला होत नाहीं. थोरला सहा फूट, धाकटा त्याच्या कानापर्यंत. बुटांचीं मापेंही निराळीं. पोषाख घेतांना आंतला गरम कपडा घालूनच तो अंगावर चढवावा. मग उकिडवें बसून पाहावें, दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन स्वतःस मिठी मारावी, मानेमागें जेथें टांकीची तोटी येते तेथें हात पोंचतो कीं नाहीं तें पाहावें. गुडघा वांकवितांना कापड ओढलें जात असेल तर तो तोकडा; उभें राहिल्यावर पोटऱ्यांशीं चुण्यांचे ढीग साचत असतील तर तो सैल. तोकडाही वाईटच, कारण हात मागें जात नसेल तर अडचणीच्या वेळीं टांकीची तोटी बंद कोण करणार ? तयार मापांत बसत नसेल तर अंगाचें माप देऊन शिवून घ्यावा. खर्च वाढतो, पण तो खर्च कापडाच्या भारीपणावर करण्यापेक्षां मापावर करावा असें माझें स्पष्ट मत आहे.

कापडाविषयीं फार डोकें शिणवावयास नको. रबर व कापड एकत्र करून पाणी अडविण्याची युक्ति १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉशनें पेटंट घेतलेल्या पावसाळी कोटाइतकी जुनी आहे. आजचें ट्रायलॅमिनेट हें त्याच कुळांतलें. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोन थरांमध्यें ब्यूटिल रबराचा पातळ थर. तें हलकें, लवकर वाळणारें, ठिगळ लावण्यास सोपें. पण तें ताणत नाहीं, म्हणून त्याची बेतणी चांगली पाहिजे. फेसाळ निओप्रीनचा कोरडा पोषाख अंगास बसतो व स्वतःही थोडी ऊब देतो. परंतु तो खोलीवर चेपतो, वाळावयास वेळ घेतो आणि त्यांतील बारीक भोंक सांपडतां सांपडत नाहीं. निओप्रीन दाबून त्यांतले बुडबुडे मोडून केलेलेंही एक कापड मिळतें. गंजलेल्या लोखंडावर घासलें तरी तें सहजीं फाटत नाहीं, मात्र जड व महाग. मुलांना मीं ट्रायलॅमिनेटच सुचविलें. गुडघ्यांवर जाड पट्टा मात्र असावा.

खरें पाहतां कोरडा पोषाख कापडापायीं क्वचितच वायां जातो. तो जातो झिपेपायीं आणि सीलांपायीं. पितळी दांत्यांची झिप दणकट, पण आडवी दुमडली कीं दांता निखळतो. मग सगळी झिप बदलावी लागते व तो खर्च डोळ्यांत पाणी आणणारा असतो. तिच्या दांत्यांस मेण चोळावें लागतें. हल्लीं प्लास्टिकची झिपही मिळते. ती लवचिक असते, पण तिच्यांत वाळू अडकूं देऊं नये. खांद्यांमागून जाणारी झिप लावण्यास दुसऱ्याचा हात लागतो. छातीवरून तिरपी येणारी स्वतः लावतां येते. मला दुसरीच आवडते.

सील तीन प्रकारचे. लॅटेक्सचे मऊ व उत्तम बसणारे. परंतु ऊन, तेल व हवेंतील ओझोन यांनीं ते चिकट होऊन दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात. निओप्रीनचे अधिक टिकतात व गळ्यास उबदार वाटतात. सिलिकॉनचे कातडीस सोसतात आणि कड्यावर बसविलेले असल्यामुळें घरच्या घरीं बदलतां येतात, पण एकदां लहानशी चीर पडली कीं संपले. गळ्याचा सील फार घट्ट असतां कामा नये. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर हृदयाची गति मंदावून घेरी येते, आणि तीही पाण्याखालीं ! नवा लॅटेक्सचा सील घट्ट वाटल्यास आधीं रात्रभर एखाद्या गोल डब्यावर ताणून ठेवावा. तरीही घट्ट असेल तरच धारदार कात्रीनें एक एक वळें कापावें. कड करवती राहिली तर तेथूनच तो फाटतो. येथें आपल्या घरांतील मुलांस एक सांगावेंसें वाटतें. सीलाखालीं केंसाची एक बट, गळ्यांतील साखळी किंवा जानव्याचा दोरा आला तरी पाण्यास वाट मिळते. जानवें खालीं ओढून घ्यावें. मुलींनीं केंस टोपीखालीं बांधावे.

आंतल्या कपड्यांत सुती कांहीं नको. सूत आपल्या देशांत देवाचें देणें आहे, पण पोषाख घालून नावेवर वाट पाहतांना घाम येतो, सूत तो धरून ठेवतें, आणि तळाशीं गेल्यावर तोच घाम अंगास चावतो. अंगाशीं पातळ लोंकर, तिच्यावर बुडीसाठींच केलेला जाड अंगरखा, हा क्रम चांगला. हातमोजे व डोक्याची निओप्रीनची टोपी वेगळी घ्यावी लागते. लघुशंकेची सोय असलेली एक नळी पोषाखांस बसवून मिळते; दीर्घ बुड्या घेणाऱ्यांनीं ती संकोच न करतां बसवून घ्यावी, कारण त्या भयानें पाणी न पिणारा मनुष्य अधिक धोक्यांत असतो.

बुडीनंतर पोषाख गोड्या पाण्यानें धुवावा, झडपांतील मीठ काढावें, बाहेरून वाळल्यावर आंतून वाळवावा व सावलींत टांगावा. सीलांस बिनवासाची शंखजिऱ्याची भुकटी लावावी. पाणी झिरपत असल्यास मनगट-गळा बंद करून पोषाखांत हवा भरावी व बाहेरून साबणाचें पाणी फिरवावें. जेथें फुगे येतील तेथें भोंक. सायकलची ट्यूब तपासणाऱ्यास हें सांगावयास नको. आणि नव्या पोषाखासह प्रथम शिक्षकाबरोबर उथळ पाण्यांत, हवा पायांकडे गेली असतां गुडघे पोटाशीं घेऊन सरळ कसें व्हावें, हें शिकल्यावांचून मोठ्या पाण्यांत उतरूं नये.

वहिनींनीं शेवटीं ऐकलें. थोरल्यानें यंदा अंगाच्या मापाचा पोषाख शिवून घेतला. धाकटा पुढील वर्षापर्यंत भाड्याचा, पण स्वतःच्या मापाचा, घालून शिकणार आहे. वहिनींनीं दोघांसाठीं लोंकरीचे मोजे विणावयास घेतले आहेत. ते जाड होणार असतील तर बुटांचें माप तेच पायांत घालून घ्या, असें मीं मुलांना कळविलें आहे.