लहान इंजिनांतील ठिणगीचे दोष

गेल्या उन्हाळ्यांत, कांद्यास अखेरचें पाणी देण्याच्या सुमारास, आमच्या पंपाचें लहान पेट्रोल इंजिन अकस्मात् बंद पडलें. कारागिरानें कॉइल बदलली. त्यांत चार दिवस व बराच पैसा गेला, परंतु इंजिन सुरू होईना. अखेर दोष सांपडला तो बंद करण्याच्या बटणाच्या तारेंत. आवरण झिजून ती तार लोखंडास टेकत होती, एवढेंच! असा खोळंबा वाचकबंधूंचा होऊं नये म्हणून हें लिहीत आहों.

डिझेल इंजिनांत दाबानें तापलेल्या हवेनें इंधन पेटतें. पेट्रोलच्या इंजिनास ठिणगी लागते. फ्लायव्हीलवरील लोहचुंबक कॉइलजवळून फिरला, कीं तींतील जाड तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. योग्य क्षणीं तो प्रवाह तोडला म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब निर्माण होऊन प्लगच्या फटींत ठिणगी उडते. प्रवाह तोडण्याचें काम जुन्या इंजिनांत पॉइंट करितात, नव्यांत इलेक्ट्रॉनिक जोडणी करिते.

तपासणी पुढील क्रमानें करावी.

प्रथम प्लग काढून पाहावा. टोंक फिकट तपकिरी असल्यास ठीक. कोरडी काजळी असल्यास हवेची गाळणी चोंदलेली असण्याचा संभव असतो. प्लग अगदीं कोरडा असल्यास पेट्रोलच पोहोंचत नसावें. ओला असल्यास पेट्रोल येतें, पण पेटत नाहीं. फट बहुधा ०.७ मिलिमीटर असते. नेमका आंकडा इंजिनाच्या पुस्तिकेंत पाहावा.

नंतर पेट्रोलची तोटी बंद करावी, सांडलेलें पेट्रोल पुसावें व प्लगचें भोंक फडक्यानें झांकावें. प्लग टोपींत बसवून त्याचें लोखंड भोंकापासून दूर इंजिनास टेकवावें व दोरी ओढावी. निळसर, जोरदार ठिणगी दिसली पाहिजे. उघडी तार हातीं धरूं नये.

ठिणगी नसल्यास दुसरा चांगला प्लग लावून पाहावा. तरीही नसल्यास इंजिनांतील तेल पाहावें. कित्येक चार फेऱ्यांच्या इंजिनांत तेल कमी होतांच ठिणगी आपोआप बंद होते. मग बटणाची तार कॉइलपासून सोडून पुनः दोरी ओढावी. आतां ठिणगी आली, तर दोष तारेंत अथवा बटणांत आहे. तो काढून तार पूर्ववत् जोडावी. नाहीं तर चालतें इंजिन बटणानें थांबणार नाहीं.

एवढ्यानेंही ठिणगी न आल्यास जुन्या इंजिनाचे पॉइंट बारीक पॉलिश कागदानें साफ करावे. त्यांची फट सामान्यतः ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. कॉइल दोषी ठरवावी ती सर्वांच्या शेवटीं.

महसूल दप्तरांत बेरीज चुकली, तर आम्ही अखेरच्या नोंदीपासून एकेक नोंद मागें तपाशीत असूं. सबंध वही बदलीत नसूं. ठिणगीचा हिशेबही त्याच रीतीनें लागतो.