पोटातला मुका फुगा



विहिरीवरच्या मोटरीचा रबरी पाइप जुना झाला की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. उन्हापावसाने रबर जीर्ण होते, एखादी जागा पातळ पडते आणि पाण्याच्या दाबाने तेवढीच जागा फुगते. वेळीच पाइप बदलला तर ठीक, नाहीतर भर पाळीत तो तिथेच फुटतो. असाच प्रकार आपल्या पोटातही घडू शकतो.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. ती छातीतून पोटात उतरते. तेथे पाठीच्या कण्यापुढून खाली येऊन बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात आणि ते पायांकडे जातात. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटीमीटर असते. भिंत कमकुवत होऊन ती ३ सेंटीमीटर किंवा अधिक रुंद झाली, म्हणजे तिला फुगा आला असे डॉक्टर मानतात.

कोणाला होतो?

पासष्टी ओलांडलेल्या पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. विडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे कारण. धुरातले विष रक्तवाहिनीची भिंत आतून पोखरते. वाढता रक्तदाब त्यात भर घालतो. वडिलांना किंवा भावाला हा विकार असेल, तर आपणही जपावे. बायकांत तो कमी दिसतो, पण त्यांचा फुगा लहान असतानाच फुटण्याची भीती जास्त असते.

कसा ओळखावा?

हा फुगा मुका असतो. बहुधा तो दुखत नाही, खुपत नाही. कधी बेंबीजवळ ठोके देणारी गाठ हाताला लागते. मात्र सडपातळ माणसाच्या पोटात साधे ठोकेही जाणवतात, त्याने घाबरून जाऊ नये. खरी ओळख सोनोग्राफीत पटते. सुई नाही, वेदना नाही, काही मिनिटांचे काम. इंग्लंडमध्ये पुरुषांना वयाच्या ६५ व्या वर्षी याच तपासणीसाठी बोलावले जाते.

उपचार काय?

फुगा लहान असेल तर लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. डॉक्टर सांगतील त्या अंतराने सोनोग्राफी करून त्याच्या वाढीवर नजर ठेवतात. विडी कायमची सोडावी, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत. फुगा विरघळवणारे औषध नाही, तसे सांगणाऱ्यावर पैसे घालवू नका. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत सुमारे ५ सेंटीमीटर रुंदी झाली, किंवा फुगा झपाट्याने वाढू लागला, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. एका पद्धतीत पोट उघडून खराब भागाच्या जागी कृत्रिम धाग्याची नळी शिवतात. दुसरीत जांघेतल्या रक्तवाहिनीतून जाळीदार नळी आत सरकवून फुग्यात बसवतात. ही पद्धत अर्जेंटिनातील डॉ. पारोदी यांनी १९९० मध्ये प्रथम वापरली.

थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ मध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचा फुगा सेलोफेन कागदाने वेढला, कारण रक्तवाहिनी बदलण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

फुटला तर?

पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ येते, घाम फुटतो, चक्कर येते, माणूस पांढराफटक पडतो. पुष्कळदा हे दुखणे मुतखड्याचे किंवा कंबरेचे वाटते. कोणी म्हणते बेंबी सरकली, आणि पोट चोळायला बसतात. असे मुळीच करू नका. वयस्क माणसाला, त्यातही विडी ओढणाऱ्याला, अशी कळ आली तर चहापाणी न देता आडवे निजवा, १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. फुटल्यावर वाचणारे थोडे. पुष्कळजण तर वाटेतच जातात.

म्हणून आधीच जागे व्हावे. घरातल्या विडी ओढणाऱ्या वडीलधाऱ्यांना पासष्टी गाठली की एकदा डॉक्टरांकडे न्या आणि महारोहिणीची सोनोग्राफी हवी का, हे विचारा. मोटरीचा पाइप आपण दर हंगामात तपासतो. घरच्या माणसासाठी तेवढी सवड काढायलाच हवी.