कोळी औषधाला पुरून का उरतो?

मावळातल्या एखाद्या पॉलीहाऊसमधलं गुलाबाचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. विरळ जाळीतून फिकट, पिवळसर-हिरवे जीव फिरताना दिसतील. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाठीवर दोन बाजूंना दोन काळपट डाग. ती नक्षी नव्हे, पोटातलं अन्न पारदर्शक अंगातून दिसतं. आजूबाजूला गोल, चकचकीत अंडी आणि टाकून दिलेल्या कातींचा पांढरा भुगा. पानाच्या वरच्या बाजूला जे पांढुरके ठिपके पडलेले असतात, तिथल्या पेशी या जिवांनी सोंड खुपसून रिकाम्या केलेल्या असतात. रंग फिकट दिसला, तरी हाच आपला लाल कोळी, टेट्रानिकस अर्टिसी. गुलाब, वांगी, भेंडी, द्राक्ष, स्ट्रॉबेरी, त्याला काहीही चालतं.

तो कीटक नाही. आठ पायांचा हा जीव खरे कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातला आहे, त्यामुळे किडींवरची कित्येक औषधं त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. जी चालतात, तीही फार काळ पुरत नाहीत. जगभरात मिळून नव्वदहून जास्त रासायनिक घटकांविरुद्ध या एकाच कोळ्यात प्रतिकारशक्ती नोंदवली गेली आहे.

हे घडतं कसं? पहिलं कारण वेग. तापमान तीस अंशांच्या आसपास असलं की अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि एक मादी शंभरावर अंडी घालू शकते. एका हंगामात पिढ्यांमागून पिढ्या होतात. पण माझ्या मते खरी मेख त्याच्या प्रजननात आहे. मादीचं फलन न झालेलं अंडं वाया जात नाही, त्यातून नर जन्मतो. त्या नराकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते.

याचा अर्थ इटॉक्साझोलच्या उदाहरणातून नीट कळतो. हे औषध काइटिन तयार करणाऱ्या एन्झाइमवर घाव घालतं. कात बनत नाही आणि पिल्लू अंड्यातच किंवा कात टाकताना मरतं. 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या एन्झाइममधलं एकच अमिनो आम्ल बदललं की औषध निकामी होतं. हा बदल अप्रभावी आहे. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच तो असेल, तर तो झाकला जातो आणि त्या जिवाला औषध लागू पडतं. माणसासारख्या प्राण्यात असा गुण पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिला असता. कोळ्याच्या नरात मात्र झाकायला दुसरी प्रतच नसते. म्हणून ज्या मादीत बदललेली एकच प्रत आहे, तिच्याही निम्म्या मुलग्यांना औषध शिवत नाही. फवारणीनंतर बाकीचे नर मेलेले असतात आणि उरलेल्या माद्यांशी जुळायला हेच शिल्लक असतात. निवड इतक्या झटपट होते.

बायफेनाझेट या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर बदल मायटोकाँड्रियाच्या जनुकात होतो. तो आईकडूनच येतो, आणि पुरता मुरलेला असला तर सगळ्या पिलांना मिळतो.

दुसरं कारण त्याच्या खाण्यात आहे. अकराशेहून जास्त वनस्पतींवर जगणाऱ्या या जिवाला तितक्याच तऱ्हांची नैसर्गिक विषं पचवावी लागतात. 2011 मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा विष मोडणाऱ्या एन्झाइमांचा मोठा साठा सापडला. काही जनुकं तर जिवाणू आणि बुरशीकडून आलेली निघाली. पुढे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घेवड्यावर वाढवलेले, औषधाला सहज बळी पडणारे कोळी टोमॅटोवर सोडले. काही पिढ्यांत ते टोमॅटोला सरावले आणि त्यांना कधीच न दाखवलेल्या औषधांनाही काही प्रमाणात दाद देईनासे झाले.

यात आपल्या फवारणीची भर पडते. अळीसाठी किंवा फुलकिड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं, की कोळी खाणारे मित्रजीव आधी जातात: निओसियुलस जातीचे चपळ शिकारी कोळी, स्टेथोरस हा खसखशीएवढा काळा भुंगेरा. शत्रू गेल्यावर लाल कोळी आठवड्या-दोन आठवड्यांत पान झाकून टाकतो. मग डोस वाढवला जातो. पण औषध जिथे बसायचं ती जागाच बदललेली असेल, तर डोस दुप्पट केल्याने बहुतेक वेळा फक्त खर्च वाढतो, पानावर औषधाचा अंश वाढतो आणि उरलेसुरले मित्रजीव मरतात.

औषध आलटूनपालटून वापरा, हा सल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. तो फसतो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. एकच घटक वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. बाटली बदलते, आतलं औषध तेच राहतं. इतकंच नव्हे, हेक्सिथायाझॉक्स, क्लोफेंटेझिन आणि इटॉक्साझोल ही तीन वेगळी रसायनं असली, तरी त्यांचा घाव काइटिन तयार करणाऱ्या त्याच एन्झाइमवर बसतो. एकाला सरावलेला कोळी बऱ्याचदा उरलेल्या दोघांनाही जुमानत नाही.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेलात, की मोठ्या अक्षरांतलं नाव बाजूला ठेवा आणि खालचं घटकाचं नाव वाचा. मागच्या फवारणीचं बिल सोबत न्या. हा घटक कोणत्या गटातला, म्हणजे त्याचा घाव कुठे बसतो, हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर कृषी विज्ञान केंद्राला फोन करून खात्री होईपर्यंत पैसे देऊ नका. आणि फवारणीआधी पानाची खालची बाजू भिंगाने बघा. तिथे शिकारी कोळी फिरत असतील, तर पंप उचलायची घाई करू नका.