यवतमाळ : शकुंतलेचं शेवटचं स्टेशन

वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोहोचावा, म्हणून किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज मार्ग टाकला. त्यावर धावणारी गाडी म्हणजेच शकुंतला. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, लांबी 113 किलोमीटर.

स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खासगीच राहिली. गाडी चालवणारी भारतीय रेल्वे कंपनीला मोबदला देत असे. वाफेचं इंजिन इथे थेट 1994पर्यंत धावलं, मग 15 एप्रिलला डिझेल आलं. छोट्या स्टेशनांवर तिकिटंही गार्डच देई. एसटीपेक्षा स्वस्त असलेल्या या गाडीवर मजूर आणि बाजारकरी विसंबून होते. गाडी बंद पडल्यावर सर्वात मोठं नुकसान त्यांचंच झालं.

गेल्या दशकात शकुंतला थांबली. यवतमाळकर आता वर्धा–नांदेड ब्रॉडगेजची वाट पाहतात.