मग चांगलं वागायचं कशाला?

मी एरंडोलची निवृत्त शिक्षिका, जन्माने ख्रिस्ती. ओट्यावर मेथी निवडता निवडता शेजारच्या मावशी एकदा म्हणाल्या, “तुमना देव म्हणे नुसता विश्वासवर माफ करस. मंग चांगलं कसाले वागानं, बाई?”

याच प्रश्नावर पाचशे वर्षं चर्चमध्ये भांडण चालू आहे. बायबलातल्या पौलाच्या पत्रांच्या आधारे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर सांगू लागला की, देव माणसाला नीतिमान ठरवतो तो ख्रिस्ताच्या पुण्याईवर; उपास, यात्रा, दानधर्म करून ते पदरात पडत नाही. रोमच्या कॅथलिक चर्चचं म्हणणं वेगळं: कृपा माणसाला आतून पालटते आणि त्या पालटलेल्या माणसाच्या सत्कर्मांनाही मोल असतं. त्यात भर म्हणजे त्याच बायबलात याकोब कर्मावाचूनच्या विश्वासाला मेलेला ठरवतो.

31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला ल्यूथरच्या परंपरेतल्या लुथरन चर्चनी आणि कॅथलिकांनी या प्रश्नावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण कृपेनेच, सत्कर्मं हे त्याचं फळ, इथवर एकमत झालं. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. जर्मनीतल्या कित्येक प्राध्यापकांनी मात्र आधीच विरोध नोंदवला होता.

दरम्यान वादाला वेगळीच वाट फुटली होती. बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी 1977 मध्ये दाखवलं की, पौलाच्या काळचे यहुदीही देवाच्या कृपेवरच विसंबून होते. मग पौल भांडला कशासाठी? जेम्स डन आणि एन. टी. राइट हे अभ्यासक म्हणतात, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम लावून यहुदी नसलेल्यांना दूर ठेवलं जात होतं, त्यासाठी. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र अशा परजातीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला चारचौघांत सुनावलं. पंगतभेद पाहिलेल्या आपल्या मुलखाला हे वेगळं समजवावं लागत नाही. अमेरिकन पाळक जॉन पायपर यांना मात्र यात पापक्षमेचा गाभाच निसटताना दिसला. 2007 मध्ये त्यांनी राइट यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिलं, 2009 मध्ये राइट यांनी पुस्तकानेच उत्तर दिलं.

मला हा वाद उलगडला तो पंडिता रमाबाईंमुळे. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. एवढं करूनही, धर्म मिळाला पण ख्रिस्त गवसला नाही, ही रुखरुख त्यांना होती. आपल्या कर्तबगारीवर नव्हे, केवळ विश्वासावर तारण मिळतं, हे त्यांना 1891 च्या सुमारास उमगलं. त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. स्वतःच्या तारणाची चिंता मिटली, की माणसाला दुसऱ्याकडे बघायला सवड मिळते.